एका टिंबाची किंमत
(पालकांच्या सभेत केलेले भाषण)



मुलाचे वहीत तांबड्या शाईच्या खुणा दिसल्या, की आपणांस वाटते, घरची बोलीच अशुद्ध; पोराला विद्या कोठून येणार! हा समज आधी टाकून द्या. 'केलं', 'गेलं' बोलणे हा गुन्हा नव्हे. संवादात ही रूपे लिहिण्यास सरकारमान्य लेखननियमांतही मुभा आहे. आम्ही चूक म्हणतो ती जिने अर्थ फिरतो ती.

पहिली चूक अनुस्वाराची. १९६२ सालच्या नियमांनी 'नाहीं', 'कांहीं' यांवरची उच्चारात नसलेली टिंबे काढली, पण अनेकवचनाचे टिंब राखले. का राखले? 'भावाची जमीन' म्हणजे एका भावाची. 'भावांची जमीन' म्हणजे साऱ्या भावांची. टिंब गळाले की वाटणी फिरली!

दुसरी 'न' आणि 'ण' यांची. घरी मूल 'पानी' म्हणो. पण 'चार मण ज्वारी' लिहिताना 'चार मन' लिहील, तर जुन्या मापाचा मण जाऊन काळजातले मन उरेल.

तिसरी ऱ्हस्वदीर्घाची. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'सूत' चरख्यावरचे, 'सुत' म्हणजे मुलगा. शब्दाच्या अखेरची वेलांटी व उकार दीर्घ लिहावा. 'आणि', 'नि' हे नित्याचे अपवाद. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मी तांबडी शाई वाचेल.

चौथी विरामचिन्हांची. 'रामा गणू यांनी पैसे दिले.' आता पैसे देणारा गणूचा मुलगा रामा, की रामा आणि गणू असे दोघे? दोघे असतील, तर मध्ये स्वल्पविराम हवा. जुन्या मोडी कागदांत अशी चिन्हे नसत, शब्दही तोडून लिहीत नसत. म्हणून कागद वाचायला जाणता माणूस शोधावा लागे. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर मराठीत पुस्तक काढले, तेव्हापासून ही सोय रुळत गेली. ती आपल्याच पोरांनी का सोडावी?

आता तुमच्याकडे एक मागणे. तुम्हांस अक्षर येत नसले तरी कान आहेत. रात्री जेवणे झाली की मुलाला त्याचेच लिहिलेले मोठ्याने वाचायला सांगा. तो श्वासासाठी थांबला की विचारा, "तेथे चिन्ह आहे का?" माणसांचे नाव आले की विचारा, "हे एकाचे, की अनेकांचे?" रोज चार ओळी पुरेत. उद्या सातबाऱ्याचा अर्ज, उसनवारीची पावती हेच मूल लिहील, आणि त्याखाली तुमची सही किंवा अंगठा असेल. तो कागद दुसऱ्याने आपल्या सोयीने वाचू नये, एवढ्यासाठी ही खटपट.