नाताळची सुट्टी आणि केंब्रिजचं समूहगान

नाताळच्या सुट्टीत नातवंडं आजीआजोबांकडे जातात. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये मात्र उलटं घडतं. तिथल्या गायकवृंदातल्या मुलांची शाळा संपते, पण नाताळच्या दिवसाची प्रार्थना होईपर्यंत ती घरी जात नाहीत. त्यांना भेटायला आणि ऐकायला घरच्यांनाच केंब्रिज गाठावं लागतं.

24 डिसेंबरला दुपारी तीन वाजता तिथलं चॅपल, म्हणजे कॉलेजचं प्रार्थनाघर, गच्च भरतं. बायबलमधले नऊ उतारे आणि मधूनमधून समूहगीतं, असा हा कार्यक्रम. एरिक मिल्नर-व्हाइट यांनी तो 1918 साली सुरू केला. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात धर्मगुरू होते. युद्धानं पोळलेल्या माणसांना साधी, मनाला भिडणारी उपासना हवी आहे, हे त्यांनी ओळखलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

सुरुवात होते ती एकट्या मुलाच्या आवाजानं, वाद्याची साथ नसताना. कोण गाणार, हे अगदी ऐन वेळी निर्देशक खुणेनं सांगतात. बाकीची मुलंही तयारच असतात! मग हळूहळू सगळे सूर मिळतात: मुलांचा उंच स्वर, खाली तरुण विद्यार्थ्यांचे भारदस्त आवाज.

बीबीसीनं 1928 साली हा कार्यक्रम प्रथम प्रक्षेपित केला. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या जुन्या रंगीत काचा सुरक्षिततेसाठी काढून ठेवल्या होत्या, आत कडाक्याची थंडी होती, तरी प्रक्षेपण चालूच राहिलं. केंब्रिजला न पोहोचणाऱ्या आजीआजोबांना रेडिओच जवळचा. तिथे दुपारचे तीन वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात.