चीनमधील माझी मास्तरकी



चीनविषयी बोला, असा आपला आग्रह झाला. चीन हा फार मोठा विषय आहे आणि माझी ओळख आहे ती एका शहराशी, एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवाराशी. सप्टेंबर 2006 पासून 2008 च्या उन्हाळ्यापर्यंत मी शीआन येथे शरीरक्रियाशास्त्र इंग्रजीतून शिकवीत होतो. तेवढ्यापुरतेच बोलतो.

परदेशी शिक्षकाचा पहिला दिवस वर्गात नव्हे, पोलीस ठाण्यात जातो. मुक्काम कोठे आहे याची नोंद चोवीस तासांच्या आत करावी लागते. तेथेच माझे बारसे झाले. माझ्या नावाचे पहिले अक्षर घेऊन कारकुनाने मला ‘मा’ हे आडनाव दिले. मा म्हणजे घोडा. पुढे दोन वर्षे मी ‘मा लाओशी’, म्हणजे मा मास्तर, होतो. गंमत अशी की तिकडच्या हुई मुसलमानांत हेच आडनाव सर्वांत जास्त आढळते. त्यामुळे मुसलमान मोहल्ल्यातला खाणावळवाला मला लांबचा भाऊबंदच समजे.

राहण्याची सोय परदेशी शिक्षकांच्या इमारतीत होती. खोलीत पलंग, टेबल, कपाट आणि दोन मोठे थर्मास. थर्मासचे महत्त्व मला आठवड्यात कळले. तेथे कोणी थंड पाणी पीत नाही. सकाळ-संध्याकाळ मुले थर्मास घेऊन आवारातल्या बंबखान्यावर रांग लावतात. सर्दी झाली, गरम पाणी प्या. पोट दुखले, गरम पाणी प्या. घरची आठवण आली, तरीही गरम पाणीच! थंडीत खोल्या तापविण्याची व्यवस्था सरकारी तारखेने चालते. 15 नोव्हेंबरला नळ्या गरम होतात आणि 15 मार्चला थंड. 14 नोव्हेंबरला कितीही गारठा पडो, कोट घालूनच शिकवायचे.

दुपारी सारे आवार झोपते. शिक्षक, कारकून, पहारेकरी, सर्व. या वेळी कोणाचे दार ठोठावणे हा मोठा असभ्यपणा. मी तो पहिल्याच आठवड्यात केला.

भाषेने फार छळले. ‘माइ’ हा शब्द एका सुरात विकत घेणे, दुसऱ्या सुरात विकणे. भाजीवालीला मी कित्येक महिने कोबी विकीत होतो. ती हसून पिशवी भरून देई.

जेवणाची मात्र आबाळ झाली नाही. दुकानावर ‘छिंगझन’ ही दोन अक्षरे पाहायची. शब्दशः अर्थ शुद्ध आणि सत्य, व्यवहारात हलाल. शीआनचा खास पदार्थ म्हणजे मटणाच्या रश्श्यातली रोटी. कोरी, घट्ट रोटी आणि रिकामा वाडगा आपल्यापुढे ठेवतात आणि ती आपणच बोटांनी कुस्करायची. मी भराभर मोठे तुकडे केले, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने वाडगा ओढून घेतला आणि हरभऱ्याएवढे तुकडे कसे करायचे ते दाखविले. अर्धा तास त्यातच जातो. मग वाडगा आत जातो आणि रस्सा होऊन परत येतो. जवळच मोठी मशीद आहे. तिची परंपरा इ. स. 742 पर्यंत नेतात. आजच्या इमारती मुख्यतः मिंग काळातल्या. घुमट नाही, उंच मिनार नाही; कौलारू छपरे, लाकडी कोरीवकाम, अंगणात झाडे. पाटी वाचता आली नाही तर मंदिर समजून माणूस पुढे जाईल.

खालच्या मजल्यावर एक वृद्ध निवृत्त प्राध्यापक राहत. मी महाराष्ट्रातला हे कळताच ते ‘के दीहुआ, के दीहुआ’ म्हणू लागले. मला काही उमगेना. मग त्यांनी कागदावर 1938 लिहिले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस! भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. त्या दिवसापासून माझ्याकडून चुका झाल्या तर प्राध्यापक महाशय नाराज दिसत. कोटणीसांच्या गावाकडचा माणूस म्हणून माझ्याविषयी त्यांच्या अपेक्षा जरा जास्तच होत्या.

आणि मोठी चूक माझ्याकडून झालीच. ती सांगण्यासाठीच खरे तर मी आज उभा आहे.

जानेवारी 2008 ची सत्र परीक्षा. एका शेतकरी घरातल्या मुलीची उत्तरपत्रिका माझ्या टिपणांशी अक्षरशः जुळत होती. स्वल्पविरामसुद्धा तेच. मी शून्य दिले आणि ‘नक्कल’ असा शेरा मारला. गुण कार्यालयात गेले. दुसऱ्या दिवशी वर्गप्रमुख मुलगा दोन सफरचंदे घेऊन आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, “सर, तिला सारे पाठ आहे.” मी तिला बोलावले. ती उभी राहिली आणि माझी चाळीस पाने म्हणू लागली. माझ्या टंकलेखनातली एक चूकसुद्धा तिने चुकीचीच म्हटली.

मी म्हटले, पाठांतर म्हणजे समज नव्हे. माणसाचे रक्त वाहून गेले की नाडी जलद का होते, ते सांग. हे टिपणात नव्हते. ती बराच वेळ गप्प राहिली, मग चिनी भाषेत बोलली. वर्गप्रमुखाने भाषांतर केले. रक्ताचा दाब उतरतो, मानेच्या धमनीतून मेंदूकडे जाणारे संदेश कमी होतात, म्हणून हृदयाला घाई करावी लागते. उत्तर बिनचूक होते. तिला विषय येत होता, इंग्रजी वाक्य येत नव्हते. म्हणून तिने माझीच वाक्ये उसनी घेतली होती. आपल्याकडे मराठी किंवा उर्दू माध्यमातून कॉलेजात गेलेल्या मुलांनी दुसरे काय केले? मी स्वतः काय केले होते?

मी अर्ज लिहिला, दोनदा गेलो. एकदा गेलेले गुण बदलत नाहीत, असे उत्तर मिळाले. नियमाप्रमाणे नव्या सत्राच्या सुरुवातीला तिने पुन्हा परीक्षा दिली, उत्तीर्ण झाली. पण त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. मी माफी मागितली. मास्तरने विद्यार्थिनीची माफी मागावी याचाच तिला इतका संकोच झाला की ती मला टाळू लागली.

12 मे 2008. दुपारची झोप आटोपून मी वर्गाकडे निघत होतो. दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी भिंती हलू लागल्या. सिच्वान प्रांतात भूकंप झाला होता. सुमारे 69 हजार माणसे गेली आणि 18 हजारांचा पत्ताच लागला नाही. शाळा कोसळून कित्येक मुले दगावली. शीआन दूर होते, तरी त्या रात्री सारे शहर उघड्यावर झोपले. आम्ही क्रीडांगणावर होतो. मुले घरी फोन लावीत होती, लागत नव्हता.

अंधारात कोणीतरी माझ्यापुढे थर्मास ठेवला. तीच मुलगी होती. जवळच बसली आणि एकेक शब्द जुळवीत इंग्रजीत म्हणाली, “सर, माझी नाडी फार जलद आहे. पण रक्त तर गेले नाही. का?”

टिपणांतले एकही वाक्य त्यात नव्हते. मी गरम पाणी ओतून घेतले आणि भीतीने रक्तात काय मिसळते ते तिला सांगू लागलो. हळूहळू आजूबाजूची मुलेही जवळ सरकली.