शालीबरोबर पट्टाही हवा

(आदिवासी महिला मेळाव्यातील भाषणाचा संक्षेप)



९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. १९८२ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक भरली होती. तिच्या स्मरणार्थ १९९४ च्या डिसेंबरात आमसभेने हा दिन घोषित केला. आज पालघरपासून गडचिरोलीपर्यंत त्या दिवशी मिरवणुका निघतात, वाद्ये वाजतात, स्त्रिया फेर धरतात आणि व्यासपीठावर काही कर्तबगार भगिनींना शाल-श्रीफळ अर्पण केले जाते. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या ‘जंगली’ म्हणून हिणवले गेले, त्याने आपल्या स्त्रियांचा उघडपणे गौरव करावा, ही सामान्य घटना नव्हे. परंतु हा गौरव नेमका कशाचा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काय उरते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

वारली समाजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा आणि त्यात पालघट देवी काढायची, हा मान सवाशिणींचा. लग्न लावण्याचा अधिकार धवलेरीचा. तिच्या गाण्यांवाचून विधी पुरा होत नाही. म्हणजे चित्र, गीत आणि धर्मविधी या तिन्हींचे कर्तेपण स्त्रीकडे होते.

पण त्याच लग्नाची आर्थिक बाजू भीषण होती. लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून काढलेल्या थोडक्या कर्जापायी वारली तरुण ‘लग्नगडी’ होई आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही मालकाच्या घरी व शेतावर राबे. भिंतीवरचा चौक पुसट होण्याआधीच नवी नवरी वेठीला जुंपली जाई. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, वारल्यांनी ही गुलामी झुगारून दिली. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो इतिहास नोंदलेला आहे. संस्कृती समृद्ध असली म्हणजे ती जोपासणारी स्त्री मुक्त असतेच असे नाही, हा त्या इतिहासाचा धडा.

पुढे १९७० च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आले. जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. तथापि, ही कला विधी होती तोवर स्त्रियांची होती आणि ती विक्रेय वस्तू होताच पुरुषांची नावे पुढे आली, हेही तितकेच खरे. दोष व्यक्तीचा नाही. बाजार सही मागतो आणि सवाशिणींच्या चौकावर सही नव्हती. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने कलेचे नाव सुरक्षित झाले. विक्रीच्या पैशात स्त्रीचा वाटा किती, हे त्याने ठरत नाही.

जी गोष्ट चित्राची, तीच बियाण्याची. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण देशी वाणांच्या जतनासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारख्या असंख्य अनाम स्त्रिया आजवर घरोघर बी राखत आल्या. दुकानातल्या बियाण्याच्या पिशवीवर किंमत छापलेली असते. घरी राखलेल्या बियाण्यामागील श्रमाची आणि ज्ञानाची किंमत कोणी मांडत नाही.

कायदा मात्र पुढे गेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित दावेदाराचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावा लागतो. २०१२ साली सुधारलेल्या नियमांनुसार या कामासाठीच्या ग्रामसभेत हजर सभासदांपैकी किमान एक-तृतीयांश स्त्रिया असल्याच पाहिजेत. तेव्हा मेळावे जरूर भरवावेत. पण त्याच दिवशी सकाळी ग्रामसभा घ्यावी. वनपट्ट्यांची यादी मोठ्याने वाचावी आणि पत्नीचे नाव कुठे राहिले ते नोंदवावे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी तेंदू-बांबूच्या विक्रीचा हिशेब स्त्रियांपुढे ठेवावा. दुपारी चित्रांचे प्रदर्शन मांडताना काढणारीचे नाव आणि तिच्या हाती पडणारी रक्कम चित्राखाली लिहावी. मग संध्याकाळी खुशाल फेर धरावा.

‘उत्सवात हक्काच्या गोष्टी कशाला?’ असे म्हणणारे भेटतील. त्यांनी शहाद्याची आठवण ठेवावी. १९७२ नंतरच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीत तिथल्या भिल्ल स्त्रिया शिबिरांत एकत्र बसल्या, बोलत्या झाल्या आणि पुढे गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली. एकत्र येण्याची सवय हीच बळाची पहिली पायरी असते. मेळाव्याने ती सवय लावली, तर शाल अंगावर शोभेल. नाही तर पट्ट्यावर नाव नसलेल्या बाईच्या पेटीत ती नुसती घडी होऊन पडेल.