युकुलेल्याची जवारी

धामणगाव रेल्वेच्या एखाद्या हौशी वादकास विजेच्या युकुलेल्यासाठीं ओव्हरड्राइव्ह पेडल निवडावयाचें झाल्यास त्याचा पहिला गुरु तंबोराच ठरेल. मिरजेचा कारागीर घोडी घासून, तारेखालीं सूत सरकवून जवारी लावतो. सूर भरदार होतो, झांकला जात नाहीं. पेडल ध्वनिलहरींचे माथे छाटून असेच नवे उपस्वर उमटवितें.

नायलॉनच्या तारांस चुंबकी पिकअप निरुपयोगी. तेथें घोडीखालचा पीझो लागतो. त्याचा आवाज मुळांतच तीक्ष्ण, म्हणून आधीं प्रीअँप, मग पेडल. गेन थोडा ठेवावा, टोन उतरता. गेन फार वाढला कीं पोकळ वाद्य शिटी घालूं लागतें. निवडतांना चारही तारा एकदम छेडाव्या. चारही स्वर वेगळे ओळखूं आले, तरच तें पेडल घ्यावें. नुसत्या खरखरीस जवारी म्हणत नाहींत.