पार्ट कधी येणार?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून दुकानाचं शटर ओढून इथे आलेल्या माझ्या फ्रीज-वॉशिंग मशीनच्या मिस्त्री बंधू-भगिनींनो,

अध्यक्षाने सुरुवातीला आभार मानावेत असा रिवाज आहे. ते शेवटी सूत्रसंचालक मानतीलच. आत्ता सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या खिशात फोन थरथरतोय आणि पलीकडून गिऱ्हाइकाची एकच विचारणा आहे, पार्ट आला का? मी त्यावरच बोलणार आहे.

'कंपनीकडूनच आलेला नाही' हे आपलं ठरलेलं उत्तर. पुष्कळदा ते खरंही असतं. पण उशिराचा एक मोठा वाटा पार्ट वाटेत अडकल्याचा नसतो, चुकीचा पार्ट मागवल्याचा असतो. फ्रीजवरचं लेबल बघा. मॉडेलचं नाव तेच, लिटर तेवढेच, पण लांबलचक कोडची शेवटची अक्षरं वेगळी, आणि आतला पीसीबीही वेगळा. नाव सांगून ऑर्डर टाकली की वाट बघून जो बोर्ड हातात पडतो, त्याचा कनेक्टरच बसत नाही. मग तो परत पाठवा, पुन्हा मागवा, आणि तोवर गिऱ्हाइकाच्या शिव्या खा. लेबल, जुन्या पार्टवरचा नंबर आणि कनेक्टर यांचे फोटो काढल्याशिवाय ऑर्डर टाकायची नाही, एवढी शिस्त आपण लावून घेतली तरी बरेच दिवस वाचतील.

दुसरं कारण मात्र आपल्या हातात नाही. पूर्वी बोर्ड गेला तर उघडून बघायचं, काय उडालंय ते ओळखायचं, लोकल पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रिले नाही तर कपॅसिटर आणायचा आणि रात्री मशीन चालू करून द्यायचं. आता ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा बोर्ड बऱ्याचदा रेझिनमध्ये बुडवलेलाच येतो. ओल, मुंग्या, झुरळं यांपासून तो वाचावा म्हणून ही सोय. त्यात वाईट हेतू आहे असं मी म्हणणार नाही. पण आतला फुटकळ भाग गेला तरी अख्खा बोर्ड मागवावा लागतो. आपलं कसब त्या रेझिनखाली गाडलं गेलंय, आणि याचं दुःख कंपन्यांना कधी होणार नाही.

आपल्या पट्ट्याला आणखी एक गोष्ट नडते, उल्हास नदी. २६ जुलै २००५ चा पूर कुणी विसरलेला नाही. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरदरम्यान पाण्यात अडकली, हे देशाने टीव्हीवर पाहिलं. पण पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेले फ्रीज आणि मशीन आपण पाहिले. पूर आला की एकाच आठवड्यात शेकडो घरांना तेच रिले, त्याच मोटरी, तेच बोर्ड लागतात, आणि डीलरचं कपाट पहिल्या दोन दिवसांत रिकामं होतं. तरीही मे महिन्यात पावसाळ्याचा माल भरून ठेवणारी दुकानं मला फार दिसत नाहीत. भांडवल अडकतं, मान्य. त्यावर उपाय पुढे सांगतो.

आता उल्हासनगरच्या मित्रांना आवडणार नाही असं थोडं बोलतो. फाळणीनंतर छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी कुटुंबांनी, हातात काही नसताना, बघून बघून वस्तू बनवणारं शहर उभं केलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', असा विनोद करणाऱ्यांनीही तो माल वापरलाच. त्यामुळे लोकल पार्टला मी नाक मुरडत नाही. दाराचं गॅस्केट, नॉब, बुश, ट्रे खुशाल लोकल लावा, गिऱ्हाइकाला तसं सांगून लावा. पण हीटर, कपॅसिटर, रिले यांच्या बाबतीत घाई नको. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो आणि तो पेट घेणारा आहे. मूळचा बंदिस्त रिले मिळत नाही म्हणून त्याला जुन्या पद्धतीचा उघडा रिले जोडून देणं, ही मदत नव्हे. तिथे गिऱ्हाइकाला थांबवावं.

थांबवायचं तर त्याची सोय लावून थांबवावं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचा डिफ्रॉस्ट हीटर किंवा बायमेटल गेला, तर आत बर्फ धरून पंख्याची हवा अडते. रात्री फ्रीज बंद करून दार उघडं ठेवलं, बर्फ पूर्ण वितळू दिला, तर पुढचे काही दिवस तो बरा चालतो. गिऱ्हाइकाला हे सांगायला पैसे पडत नाहीत. ज्या घरात इन्सुलिन आहे, तिथे दुकानातला जुना चालू फ्रीज तात्पुरता द्यावा. आणि पार्टची तारीख कागदावर लिहून द्यावी. पुढे गेली तर आपण होऊन फोन करावा. लोक उशीर सोसतात, टोलवाटोलवी सोसत नाहीत.

कंपन्यांनाही सोडता कामा नये. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून नियम आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही फ्रीजचे ठरावीक भाग किमान ७ वर्षं आणि वॉशिंग मशीनचे १० वर्षं मिळालेच पाहिजेत, तेही मागणीनंतर १५ कामाच्या दिवसांत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केलं. पोर्टलवर माहिती मिळते. अमुक दिवसांत पार्ट द्या, असं ते कुणाला बजावत नाही. तसा नियम येईतोवर गिऱ्हाइकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर सांगायला संकोच करू नका. त्याची तक्रार कंपनीच्या कानी पडली, तर आपलंही काम पुढे सरकतं.

आता भांडवलाचा उपाय. अंबरनाथच्या एका दुकानात दोन वर्षं धूळ खात पडलेला ड्रेन पंप उल्हासनगरच्या माणसाला आजच हवा असतो, आणि दोघांमध्ये एका स्टेशनचं अंतर असतं. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. आपल्याकडे पडून असलेले पार्ट, नंबरासकट, जेवणाआधी त्यात लिहा. खरेदीच्या भावात एकमेकांना द्यायचे की वर काही टक्के लावायचे, यावर मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे. तो वाद दुपारच्या सत्रात घालू. माझं मत खरेदीच्या भावाच्या बाजूने आहे.