कावेरीवरचे दगडी पूल

अमेरिकेच्या ईशान्य भागात शरद ऋतू आला आणि झाडांची पाने तांबडी-पिवळी झाली, की लोक मोटारी बाहेर काढतात आणि खेड्यापाड्यांतले जुने पूल पाहत हिंडतात. हे पूल लाकडी असून त्यांना घरासारखे छप्पर असते, भिंती असतात. कोणीतरी एखादा लांबलचक गोठा उचलून ओढ्यावर आडवा ठेवला आहे, असे दुरून पाहणाऱ्यास वाटावे. हे छप्पर वाटसरूला पावसापासून वाचविण्यासाठी घातले असेल, अशी आपली समजूत होते. पण ते असते पुलाच्या सांगाड्यासाठी. उघड्या लाकडात पाणी मुरते, सांधे कुजतात आणि दहावीस वर्षांत पूल निकामी होतो. त्यावर छप्पर घातले, की तोच शंभर वर्षे उभा राहतो. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या दोन राज्यांना जोडणारा कॉर्निश-विंडसर पूल १८६६ सालचा आहे आणि अजून त्यावरून मोटारी जातात.

असा पूल आपल्याकडे कोठे असेल काय, हा प्रश्न मनात घेऊन मी माघ महिन्यात म्हैसुरास गेलो. ज्या संस्थेमार्फत मी आपल्याशी बोलत आहे, तिचे 'आकाशवाणी' हे नाव मूळचे याच शहरातले. १९३५ साली प्राध्यापक गोपालस्वामी यांनी म्हैसुरात आपल्या राहत्या घरी जे खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले, त्याचे ते नाव. माझे मामा तेथे स्थायिक झाले आहेत. सारी नोकरी त्यांनी बांधकाम खात्यात, ओढ्यांवर फरशा आणि मोऱ्या बांधण्यात घालविली. माझा प्रश्न ऐकून ते म्हणाले, "छपराचा पूल इथे नाही. पण मोटार काढ. छप्पर का नाही, ते तुला दाखवतो."

पहिल्या दिवशी आम्ही दक्षिणेस, सुमारे तेवीस किलोमीटरवरील नंजनगूडला गेलो. तेथे कपिला, म्हणजेच कबिनी नदीवर १७३५ च्या सुमारास बांधलेला कमानींचा पूल आहे. तो म्हैसूरच्या दळवाईने बांधला. दळवाई म्हणजे सेनापती. आपल्याकडील दळवी हे आडनाव याच कुळातले. पुढे १८९९ मध्ये याच पुलावरून आगगाडीही जाऊ लागली. बैलगाड्यांसाठी बांधलेल्या कमानींवर दीडशे वर्षांनंतर इंजिन धावले आणि कमानींनी कुरकुर केली नाही! आता तो सेवानिवृत्त आहे. मामांनी त्याच्याकडे समव्यवसायी माणसाकडे पाहावे तसे पाहिले, आणि आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशीचे श्रीरंगपट्टण मात्र माझ्या मनातून जात नाही. म्हैसुराहून बंगळूरच्या रस्त्याने पंधरा किलोमीटरवर कावेरी दुभंगते आणि मध्ये हे बेट तयार होते. मराठी माणसाला हे नाव परके नाही. १७९२ साली कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर हरिपंत फडक्यांचे मराठी सैन्य या बेटासमोर तळ देऊन होते. सात वर्षांनी, ४ मे १७९९ रोजी, किल्ला पडला आणि टिपू मारला गेला. त्याच्याच पदरी असलेले पूर्णय्या नव्या बालराजाचे दिवाण झाले. त्यांच्या देखरेखीखाली १८०२ ते १८०४ या काळात कावेरीवर एक पूल उभा राहिला. त्याला नाव दिले गव्हर्नर जनरल वेलस्लीचे.

हे नाव वाचून मी थबकलो. पुलाचे खांब नदीत उभे राहत होते, त्याच काळात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, या वेलस्लीच्या धाकट्या भावाने असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. आणि त्याच्या फौजेबरोबर ओझी वाहणारे बैल म्हैसूरचेच होते. पुलाचे नाव आणि आपले दुःख एकाच घरचे! मी हे मामांना म्हटले. ते म्हणाले, "नाव मोठ्या माणसाचे असते रे. दगड पाथरवटांचा असतो. तू खाली उतर आणि दगड बघ."

माघात पाणी उतरलेले असते, म्हणून पात्रात थोडे उतरता आले. या पुलाला कमान नाही. एकामागे एक दगडी खांबांच्या रांगा प्रवाहात उभ्या आहेत. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर, दोन्ही बाजूंना हात पसरावेत तसे पुढे आलेले आडवे दगड, त्यांवर दगडाच्याच लांब तुळया, आणि त्यांवरून रस्ता. सारा भार दगडाने दगडावर तोललेला. दगड दाबाला कणखर, पण वाकायला भित्रा. मोठ्या अंतरावर टाकलेली दगडी तुळई मध्येच तडकते. म्हणून खांब जवळजवळ रोवावे लागतात आणि ते पसरलेले हात उरलेले अंतर आणखी कमी करतात. ही रचना मी पूर्वी कोठे पाहिली आहे, असे सारखे वाटत होते. मग उलगडा झाला. ही देवळाच्या मंडपाची रचना! म्हैसूरच्या पाथरवटांना मंडप बांधता येत होता. त्यांनी तोच मंडप नदीत नेऊन उभा केला. फरक इतकाच, की मंडपात आपण छपराखाली बसतो आणि येथे छपरावरून चालतो. छपराचा पूल शोधत मी आलो होतो. येथे छप्पर हाच पूल होता.

"आता उंची बघ," मामा म्हणाले. पूल ठेंगणा आहे. आजचा अभियंता पूररेषेच्या वर पूल नेतो. या पुलाला मोठा पूर आला की पाण्याखाली जायचे ठाऊक आहे. आपल्या देशावरच्या फरशी पुलांचा न्याय तोच. पाणी अंगावरून जाऊ द्यावे, आणि ओसरले की पुन्हा वाट मोकळी करावी. लाकडी पुलाचा वैरी वरून येणारे पाणी, म्हणून त्याला छप्पर. दगडी पुलाला वरच्या पाण्याची पर्वा नाही, त्याची कसोटी पायाशी लागते. १९२४ चा कावेरीचा महापूर या पुलाने सोसला. त्यानंतर नदीच्या वरच्या अंगाला कन्नंबाडीचे कृष्णराजसागर धरण पुरे झाले. त्याचे कर्ते विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले आणि त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ साली प्रथम बसले ते आपल्या खडकवासल्याला. मात्र धरण झाले म्हणून पूर थांबलेले नाहीत. ते तुडुंब भरून विसर्ग वाढला की आजही हा पूल बुडू लागतो, आणि पोलीस दोन्ही तोंडे अडवितात.

मोटारींची वर्दळ आता शेजारच्या नव्या पुलावरून चालते, आणि ते योग्यच आहे. जुन्या पुलाचे प्रेम त्याच्यावर गर्दी करून दाखविण्याची रीत मला भिववते. १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पावसाळी सहलीला आलेल्या लोकांच्या भाराने कोसळला आणि चार जीव गेले. मोटारीने जावे, पण मोटार दूर लावावी. पूल काठावरून, खालून आणि शक्य तर एकट्याने पाहावा. खरे म्हणजे हा पूल दोनदा पाहायला हवा. एकदा माघात, त्याचे खांब पाहण्यासाठी. आणि एकदा श्रावणात, अडथळ्याच्या अलीकडे उभे राहून, तो दिसत नाही हे पाहण्यासाठी.

तिसऱ्या दिवशी शिवनसमुद्र. बन्नूर, सोमनाथपूर, तलकाडू असा हा सुमारे ऐंशी किलोमीटरचा रस्ता उसाच्या आणि भाताच्या शेतांतून जातो. गुऱ्हाळाचा वास आला, की आपण कोल्हापूरकडे आहोत असाच भास होतो. सोमनाथपूरच्या केशव मंदिरात, ते तेराव्या शतकातले, मी मूर्ती सोडून मंडपाचे खांब आणि तुळयाच पाहत बसलो. मामा हसले.

शिवनसमुद्रालाही कावेरी फुटून बेट करते आणि मग दोन ठिकाणी कड्यावरून कोसळते. या पाण्यावर १९०२ साली वीज निर्माण करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविण्यात आली. बेटावर जाण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रामस्वामी मुदलियार या गृहस्थाने दगडी पूल उभारले. सरकारने त्याला 'जनोपकार कामकर्ता' असा किताब दिला. घडण श्रीरंगपट्टणसारखीच, उभ्या खांबांची. त्यांपैकी एका पुलाचा काही भाग २०१८ च्या पुरात वाहून गेला. काठावरून खांबांची रांग सरळ जाताना दिसते, मग ती एकाएकी तुटते. पडलेल्या दातांच्या जागी जीभ जावी तशी नजर पुन्हा पुन्हा तेथेच जाते.

व्हरमाँटमध्ये असाच प्रसंग घडला होता. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुराने बार्टन्सव्हिल गावाजवळचा १८७० सालचा छपराचा पूल उचलून नेला. तेथील लोकांनी काँक्रीटचा पूल न घेता पुन्हा लाकडाचाच, छपरासकट, बांधून घेतला; २०१३ च्या जानेवारीत तो खुला झाला. ही हकीकत मी मामांना सांगितली. ते ऐकत होते, पण त्यांची नजर पात्रातच होती.

"लाकूड वाहून जाते," ते थोड्या वेळाने म्हणाले. "दगड कुठे जाणार? ते बघ." पाणी उथळ झाले होते, आणि पुलाच्या खालच्या अंगाला खडकांच्या मधून चारपाच सरळ कडांचे दगड वर आले होते, नदीने घडविलेले खडक गोल, आणि हे चौकोनी. एक कोळी आपला हरिगोल त्यांच्यामधून वळवीत नेत होता. मामांनी खिशातून कागद काढला, चष्मा पुसला आणि दिसतील तेवढे दगड मोजून त्यांची लांबी अंदाजाने लिहावयास सुरुवात केली. ऊन कलेपर्यंत आम्ही तेथेच होतो. अकरा दगड झाले.