टॉप मॉडेल की फोर बाय फोर? ब्रोशरचं शेवटचं पान आधी वाचा

   

गेल्या काही दिवसांत मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातोय. "ऑफ-रोडर घ्यायची ठरलीय, बजेट पण ठरलंय. कोणतं व्हेरियंट घेऊ?" बेस घ्यावं का? की थोडी उडी मारून टॉप? की टॉप, पण फोर बाय टू?

याचं उत्तर मी युट्यूबवर शिकलो नाही. माझ्या मामेभावासोबत शोरूममध्ये बसून शिकलो. म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगतो.

दादा भोर तालुक्यात राहतो, घाटाच्या वरच्या अंगाला एका वाडीत. डांबरी रस्ता खाली संपतो. तिथून वर साडेतीन किलोमीटर कच्चा रस्ता. उन्हाळ्यात मुरूम आणि धुरळा, पावसाळ्यात निव्वळ चिखल. 2023 च्या श्रावणात एका रात्री मामीच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स खालीच थांबली. मग बांबूला चादर बांधून झोळी केली आणि चौघांनी मामीला खांद्यावरून खाली आणलं. मामी वाचली. पण दादाने त्या रात्री ठरवलं, काहीही होवो, वरपर्यंत येणारी गाडी घ्यायची.

मामीला घरी सोडायला मी माझी गाडी घेऊन गेलो होतो. माझी गाडी म्हणजे टॉप व्हेरियंट, मोठी स्क्रीन, अलॉय व्हील, दिसायला एकदम रांगडी. पण फोर बाय टू. दुसऱ्या वळणावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी रेस देतोय आणि गाडी आडवी सरकतेय. शेवटी मामी खाली उतरली आणि दादाचा हात धरून चालत वर गेली. गाडीचा काही दोष नव्हता. तिला तिथे नेणारा मी होतो.

आता 2024 ची होळी. दादाने डाउन पेमेंटचे पैसे जमवले, थोडं कर्ज मंजूर झालं आणि आम्ही थार बघायला गेलो. आपल्या नाशिकला बनते ती. त्यात एक नवी गोष्ट होती. वहिनीला दिवस गेले होते आणि तारीख होती आषाढातली. म्हणजे भर पावसातली.

शोरूममध्ये दादाच्या बजेटमध्ये दोन गाड्या बसत होत्या. एक होती एलएक्स, म्हणजे वरचं व्हेरियंट. पेट्रोल, ऑटोमॅटिक, टचस्क्रीन, 18 इंची अलॉय. पण फोर बाय टू. जानेवारी 2023 मध्ये ही आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत होती 13.49 लाख. दुसरी होती एएक्स ऑप्शनल, म्हणजे खालचं व्हेरियंट. स्क्रीन नाही, अलॉय नाही, 16 इंची लोखंडी रिम. पण फोर बाय फोर, लो रेंज गिअरसकट. किंमत जवळपास तितकीच.

दादा एलएक्सच्या सीटवर बसला तो उठेचना. मला म्हणाला, "अरे, लग्नसराईत पाहुणे बघणार ना गाडी. आणि वर्षातले आठ महिने तर रस्ता कोरडाच असतो की." सेल्समन पण म्हणाला, "फोर बाय फोर वापरतं कोण सर?" त्याचं अगदीच चूक नव्हतं. पुण्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याने तो लिव्हर वर्षात एकदा हलवला तरी खूप.

मग मी दादाला ब्रोशरचं शेवटचं पान उघडायला लावलं. पुढच्या पानांवर डोंगर, सूर्यास्त आणि हसणारी माणसं असतात. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तक्ता असतो. मी पेन घेतलं आणि त्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर एक खूण करत गेलो. ही गोष्ट नंतर बसवता येते का? हो की नाही, एवढंच.

स्क्रीन? नंतर बसते. स्पीकर, सीट कव्हर? नंतर. अलॉय? नंतर. फोर बाय फोर? नाही. त्यासाठी ट्रान्सफर केस लागतो, पुढच्या ॲक्सलला फिरवणारा शाफ्ट लागतो, पुढचं डिफरन्शियल लागतं. गल्लीतल्या गॅरेजमध्ये होणारं काम नाही ते. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणजे शोरूममधून निघताना जे खाली बसवलेलं आहे, तेच कायमचं.

आता फोर बाय फोर नक्की करतं काय, ते थोडक्यात. फोर बाय टू थारमध्ये ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाला पकड नाही, ताकद तिकडेच पळते. एक चाक चिखलात गेलं की तेच गरगर फिरतं आणि दुसरं नुसतं बघत बसतं. माझ्या गाडीचं त्या वळणावर हेच झालं होतं. फोर बाय फोरमध्ये पुढची चाकंही ओढतात. आणि लिव्हर फोर एलवर टाकला की गिअर इतके खाली येतात की गाडी माणसाच्या चालीने, रेस न देता चढते. उतरताना तर त्याचा जास्त उपयोग. ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ओल्या उतारावर ब्रेक दाबला तर चाकं घसरतात, हे गावाकडच्या कोणालाही विचारा.

एक गंमत अजून. लोखंडी रिम बघून दादाचं तोंड वाकडं झालं होतं. पण हिशोब करा. बेसचा टायर 245/75 आर16, टॉपचा 255/65 आर18. पहिल्यात रबराची भिंत साधारण 184 मिलिमीटर उंच, दुसऱ्यात 166. दगडधोंड्यांच्या रस्त्यावर उंच भिंत चांगली, रिमला मार कमी बसतो. टॉपचा टायर एकूण थोडा मोठा असल्यामुळे गाडी सात-आठ मिलिमीटर उंच होते, हे खरं. पण आमच्या दगडांसाठी मी रबर निवडेन.

टॉपच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो लपवणार नाही. मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉक, तेव्हा फक्त एलएक्स डिझेल फोर बाय फोरवर पर्याय म्हणून मिळायचा. पण ती गाडी दादाच्या बजेटबाहेर होती. म्हणून तो विषय तिथेच संपला.

"मग फोर बाय टू इतकी स्वस्त का असते?" असं मला कायम विचारतात. फक्त एक शाफ्ट कमी आहे म्हणून नाही. मोठा भाग टॅक्सचा आहे. चार मीटरच्या आतली गाडी आणि डिझेल इंजिन 1500 सीसीपर्यंत असेल तर टॅक्स कमी. थारची लांबी 3985 मिलिमीटर. फोर बाय टूच्या डिझेलमध्ये 1.5 लिटरचं इंजिन आहे, फोर बाय फोरमध्ये 2.2 लिटरचं. 22 सप्टेंबर 2025 पासून पहिल्यावर 18 टक्के जीएसटी आहे, दुसऱ्यावर 40 टक्के. तेव्हा "स्वस्त आहे म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं असणार" असं समजू नका. ती वेगळ्या कामाची गाडी आहे.

आणि प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं. जिम्नीचं झेटा घ्या नाहीतर अल्फा, फोर बाय फोर आणि लो रेंज दोन्हीत आहे, सहा एअरबॅग दोन्हीत आहेत. फरक स्क्रीन, हेडलॅम्प, अलॉय, क्रूझ कंट्रोल असल्या गोष्टींचा. तिथे बिनधास्त खालचं घ्या. थार रॉक्समध्ये उलट. 2024 ला ती आली तेव्हा फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये होतं, आणि एमएक्स1, एमएक्स3 मध्ये नव्हतंच. व्हेरियंटची नावंही बदलत राहतात. म्हणून नाव पाठ करू नका, तक्ता वाचा.

तरी दादा काही पटकन मानला नाही. मग आम्ही शेजारच्या गावातल्या ओळखीच्या एकाची बेस फोर बाय फोर मागून घेतली आणि त्याच दुसऱ्या वळणावर नेली. मार्च होता, चिखल नव्हता, पण सुट्टा मुरूम होता. गाडी फोर एलमध्ये हळूहळू वर गेली. दादा स्वतः चालवत होता. वर पोचल्यावर मामी अंगणात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "ही आली की वरपर्यंत."

दादाने बेस बुक केली.

आषाढात रात्री दोन वाजता वहिनीला कळा सुरू झाल्या. पाऊस धो धो. साडेतीन किलोमीटर उतरायला त्यांना पाऊण तास लागला. चाकं दोनदा घसरली, पण गाडी थांबली नाही. पहाटे मला फोन आला. मुलगी झाली. त्या गाडीत आजही कंपनीची स्क्रीन नाही. दादाने दिवाळीत भोरहून एक साधा स्टिरिओ बसवून घेतला, त्यावर पोरीची बडबडगीतं चालू असतात.

तर मंडळी, तुमच्यासाठी गृहपाठ. शोरूमला जायच्या आधी एका कागदावर वर्षातला तुमचा सगळ्यात वाईट दिवस लिहा. कुठे जायचंय, रस्ता कसा, सोबत कोण. तो दिवस सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधला असेल तर खुशाल फोर बाय टू टॉप घ्या, ऑटोमॅटिक घ्या, मी पण तेच केलंय आणि मला पश्चात्ताप नाही. पण तो दिवस एखाद्या चढावरचा असेल, तर जे नंतर बसवता येत नाही त्यालाच आधी पैसे द्या. बाकीचं दिवाळीला बघू.

तुमचा वाईट दिवस कोणता ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही गाड्या मिळून निवडू. तोवर सांभाळून चालवा. भेटू!